बॉयलरच्या पलीकडची भांडी

गेवराईच्या बाजारपेठेत शेतीसामानाच्या दुकानांपुढे उन्हात रचून ठेवलेल्या पीव्हीसी पाइपांची खरेदी करताना आपल्याकडील शेतकरी लांबी आणि भाव यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट न चुकता विचारतो, ती म्हणजे पाइप किती केजीचा. आणि दुकानदारही चार केजीचा घेतला तर इतके, सहा केजीचा घेतला तर इतके, असे दोन्ही भाव एका दमात सांगून मोकळा होतो. हा केजी पाइपाच्या वजनाचा नव्हे, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पाइपाच्या भिंतीच्या दर चौरस सेंटीमीटरवर पाण्याने किती किलोंचा भार टाकला तरी ती भिंत टिकेल, याची ती कारखानदाराने दिलेली हमी आहे. राक्षसभुवनच्या बाजूने गोदावरीचे, किंवा पैठणच्या उजव्या कालव्याच्या लगतच्या विहिरीचे पाणी दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर ओढून माथ्यावरच्या रानात नेणाऱ्या माणसाला दहा मीटर चढ म्हणजे एक केजी हा हिशेब कोणत्याही विद्यालयाने शिकविलेला नाही. वीज एकाएकी गेली म्हणजे चढावरचे पाणी माघारी फिरून खालच्या जोडावर जो दणका देते, त्या दणक्याने फुटलेल्या पाइपांनी आणि वाहून गेलेल्या सऱ्यांनी तो त्याला शिकविला आहे. म्हणून दाबाची मर्यादा हा विषय केवळ अभियंत्यांचा आहे, सामान्य वाचकाला त्यात गम्य नाही, अशी जी समजूत वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून दृढ झालेली दिसते, ती निदान आमच्या तालुक्यापुरती तरी खरी नाही.

मात्र या हमीला एक अट जोडलेली असते आणि ती अट बहुधा कोणी विचारीत नाही. पीव्हीसी पाइपांचे भारतीय मानक ४९८५ या क्रमांकाचे आहे आणि त्यातील दाबाचे सर्व वर्ग २७ अंश सेल्सिअस उष्णतामान गृहीत धरून ठरविलेले आहेत. वैशाखात बीड जिल्ह्याचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो, आणि जमिनीवर उघडा टाकलेला, आत पाणी कोंडून पडलेला पाइप तर हवेहूनही अधिक तापतो. अशा वेळी सहा केजीचा छाप जसाच्या तसा राहतो, पण सहा केजीची ताकद राहत नाही. लोखंडाची गोष्ट याहून निराळी नाही, फक्त तेथले आकडे मोठे आहेत. वाफेच्या वाहिन्या जोडताना ज्या फ्लँज वापरतात, त्यांत १५० क्लासची फ्लँज सर्वांत प्रचारातील. साध्या पोलादाची ही फ्लँज थंड असताना चौरस सेंटीमीटरला सुमारे २० किलो दाब सोसते, २०० अंशांवर सुमारे १४, ३०० अंशांवर १० च्या आसपास आणि ४०० अंशांवर सात किलोही पुरते नाही. फ्लँज तीच, बोल्ट तेच, वर कोरलेला आकडाही तोच; आणि तरीही हिवाळ्यातल्या पहाटे पाण्याने चाचणी घेताना जी जोडणी निर्धास्त वाटली, तीच भर हंगामात तापलेल्या वाफेखाली तिसऱ्या हिश्श्याचीही धनी उरत नाही. दाबाची मर्यादा ही धातूच्या अंगी कायमची वसलेली सिद्धी आहे असे मानणे ही या विषयातील आद्य चूक होय; ती मर्यादा जाडी, व्यास, उष्णतामान आणि काळ या चौघांनी मिळून केलेला करार असते, आणि चौघांपैकी एकाने शब्द फिरविला की करार रद्द होतो.

गढीच्या जयभवानी सहकारी साखर कारखान्यामुळे बॉयलर ही वस्तू गेवराई तालुक्याला परकी नाही. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलर अग्निप्रदीपनाची वार्ता राज्यातल्या प्रत्येक साखर कारखान्याकडून वृत्तपत्रांकडे येते. संचालकांपैकी एखाद्या दांपत्याच्या हस्ते सत्यनारायण, मग भट्टीत अग्नी, मग पुढाऱ्यांची भाषणे, त्यांत यंदाच्या गाळपाचे उद्दिष्ट आणि पहिल्या उचलीचा दर. या समारंभाची थट्टा करण्याचा आमचा मानस नाही. ज्या यंत्राच्या पोटात पाचशे अंशांच्या घरातली वाफ कोंडायची आहे, त्याच्यापुढे माणसाने वर्षातून एकदा हात जोडले तर त्यात गैर काहीच नाही, उलट त्यात एक प्रकारचा शहाणपणाच आहे. शिवाय बॉयलरच्या बाबतीत पूजेच्या आधी तपासणी झालेली असते, आणि ती केवळ चालकांच्या सद्बुद्धीने झालेली नसून कायद्याच्या धाकाने झालेली असते.

हा धाक कसा उत्पन्न झाला, हे पाहण्यासारखे आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी बंगाल प्रांताने तपासणीचा कायदा केला. मागोमाग अन्य प्रांतांनी आपापले कायदे केले, आणि प्रत्येकाचे नियम भिन्न असल्यामुळे एका प्रांतात मान्य झालेला बॉयलर दुसऱ्या प्रांतात अमान्य ठरू लागला. हा घोळ निस्तरण्यासाठी नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा झाला आणि १ जानेवारी १९२४ पासून अमलात आला. या देशात इतका निःसंदिग्ध कायदा क्वचितच झाला असेल: नोंदणीवाचून बॉयलर चालविता कामा नये, दाखल्याची मुदत संपली की बॉयलर थंड करावा, दाखल्यात लिहिलेल्या दाबापलीकडे दाब नेणे हा गुन्हा, सेफ्टी व्हॉल्व्ह निकामी करणे हाही गुन्हा, आणि अपघात झाल्यास चोवीस तासांच्या आत खबर. १९५० च्या नियमावलीने पत्र्याची जाडी कशी मोजावी, सांधा कसा भरावा, पाण्याची चाचणी कामाच्या दाबाच्या दीडपट कशी घ्यावी, येथपर्यंत सर्व काही लिहून ठेवले. बॉयलरपाशी उभा राहणारा अटेंडंट परीक्षा देऊन, प्रमाणपत्र घेऊनच तेथे उभा राहतो.

अमेरिकेतही हाच क्रम दिसतो. मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन गावच्या ग्रोव्हर जोडे कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी एक जुना बॉयलर फुटून ५८ माणसे मेली, तेव्हा त्या राज्याने कायदा केला, आणि त्यातून पुढे तेथील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेची ती संहिता सिद्ध झाली, जिच्या आधारे आज अर्ध्या जगातील दाबभांड्यांचे आराखडे काढले जातात. या संहितेतील एक तरतूद आम्हांला विशेष मननीय वाटते. पत्र्याचे दोन काठ जोडून केलेला सांधा क्ष-किरणांनी संपूर्ण तपासला असेल तर त्याची शक्ती शंभर टक्के धरावी. नमुन्यादाखल तपासला असेल तर ८५ टक्के. आणि मुळीच तपासला नसेल तर, तो सांधा प्रत्यक्षात कितीही निर्दोष असला तरी, ७० टक्केच धरावी. कारागिरावर अविश्वास दाखविण्यासाठी हे लिहिलेले नाही. जे पाहिले नाही त्याच्यावर किती विसंबावे, याचे प्रमाण त्या तरतुदीने ठरवून दिले आहे. आणि हेच प्रमाण आपल्या सार्वजनिक व्यवहारात इतरत्र लावून पाहिले तर पुष्कळ संस्थांचे आराखडे फेरतपासावे लागतील.

आता मुद्द्याकडे येतो. एवढ्या काटेकोर कायद्याने ज्याचे रक्षण केले तो बॉयलर साखर कारखान्याच्या आवारात एका कोपऱ्यात असतो, आणि माणसे मात्र आवारभर पसरलेली असतात. बॉयलरमधून निघालेली वाफ, जुन्या कारखान्यात २१ किंवा ३२ किलोंची, मधल्या काळातील कारखान्यात ४५ ची, वीजनिर्मिती करणाऱ्या नव्या कारखान्यात ६७, ८७, क्वचित ११० किलोंची, टर्बाइन फिरवून दीड-दोन किलोंवर येते आणि मग ज्यूस हीटर, इव्हॅपोरेटर, पॅन अशा थोराड भांड्यांच्या रांगेत शिरते. ही भांडी ‘कमी दाबाची’ म्हणून ओळखली जातात, आणि कमी दाबाची म्हणून कमी धोक्याची, असे अनुमान सर्रास काढले जाते. अनुमान सपशेल चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का, हे चौथीच्या गणिताने दाखविता येते. गोल भांड्याच्या भिंतीतील ताण काढायचा तर दाबाला व्यासाने गुणावे आणि जाडीच्या दुपटीने भागावे. एक मीटर व्यासाचे, १० मिलिमीटर जाडीचे, १० किलो दाबाचे भांडे घ्या: भिंतीत चौरस सेंटीमीटरला ५०० किलोंचा ताण येतो. आता चार मीटर व्यासाचे, अवघ्या दीड किलो दाबाचे, पण आतून गंजत-झिजत ६ मिलिमीटरवर आलेले भांडे घ्या: ताण नेमका तितकाच, ५०० किलो. पहिल्या भांड्याला लोक दबकून असतात, दुसऱ्याला टेकून बसतात. त्याच चार मीटरच्या भांड्याच्या झाकणावर आतून केवळ एक किलो दाब आला तर एकूण उचल सव्वाशे टनांची होते. म्हणजे उसाने भरलेले सात-आठ ट्रक झाकणावर उभे केले असता जेवढा भार होईल, तेवढ्याच बळाने आतली वाफ ते झाकण वर ढकलीत असते.

आणि ज्या भांड्यांचा आराखडाच मुळी शून्य दाबाचा आहे, त्यांचे काय? रसाच्या, पाण्याच्या, मळीच्या टाक्या या वर्गातल्या. त्यांच्या वरच्या अंगाला हवा जाण्यायेण्याची वाट ठेवलेली असते, आणि ती वाट उघडी आहे तोवर टाकी निव्वळ टाकी असते. पण ती वाट साखरेच्या चिकट्याने बुजली, किंवा वाफेच्या बंद केलेल्या पण पूर्ण न मिटलेल्या व्हॉल्व्हमधून वाफ आत झिरपत राहिली, किंवा आतला द्रव पदार्थ अनावर उकळला, की त्या क्षणी ती टाकी दाबभांडे बनते. तिच्यावर पाटी नाही, दाखला नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह नाही, दाब दाखविणारा काटा नाही; सपाट तळाच्या अशा टाकीची सहनशक्ती केजीत न मोजता पाण्याच्या स्तंभाच्या काही सेंटीमीटरांत मोजावी लागते. उलट्या बाजूचीही हीच कथा आहे. पॅन निर्वातावर चालतो; आतली हवा ओढून घेतली की बाहेरचे वातावरण त्याला चोहोबाजूंनी चौरस सेंटीमीटरला जवळजवळ एक किलोने दाबते, आणि आतून पाच किलो सहज सोसणारा पत्रा बाहेरून एक किलोने दबून चुरगळू शकतो. बाहेरच्या दाबाचा हिशेब निराळा आहे, त्यासाठी भांड्याला बाहेरून लोखंडी कडी घालावी लागतात, आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी ती कडी कापून टाकणारे फिटर आम्हांला ठाऊक आहेत.

८ डिसेंबर २०१७ रोजी परळीजवळील पांगरीच्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्यात उसाच्या तप्त रसाची टाकी फुटली. कामगार होरपळले आणि त्यांतील काहींनी पुढे इस्पितळात प्राण सोडले. त्या दुर्घटनेचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि तसा हेतूही नाही. परंतु एवढे मात्र सर्वांना ठाऊक आहे की, फुटला तो बॉयलर नव्हता. त्याच्या जेमतेम पाच आठवडे आधी, १ नोव्हेंबर २०१७ रोजी, उत्तर प्रदेशातील ऊंचाहार येथे राष्ट्रीय औष्णिक वीज निगमच्या ५०० मेगावॅटच्या संचात जो अपघात होऊन चाळीसच्या आसपास माणसे गेली, तो बॉयलरचा खरा. पण तेथेही प्रचंड दाबाची वाफ कोंडणारा ड्रम आणि नळ्या हे अपघाताचे मूळ नव्हते. भट्टीच्या तळाशी राख साचून घट्ट झाली, भट्टीतल्या वायूचा दाब वाढला, आणि ज्या अंगाला अगदी किरकोळ दाबाची अपेक्षा होती त्या अंगाने तापलेले वायू आणि राख बाहेर फुटली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे दगावली, तेव्हा पहिल्या दिवशी सगळीकडे ‘बॉयलरचा स्फोट’ असेच छापून आले. पुढे कळले की फुटला तो रासायनिक प्रक्रियेचा रिअॅक्टर होता. वृत्तपत्रांना हा फरक शब्दच्छल वाटत असेल. कायद्याच्या दृष्टीने तो हद्दीचा फरक आहे.

कारण बॉयलर पाहणारे बाष्पके संचालनालय निराळे. दाबाखालील वायूंची भांडी पाहणारी, नागपुरात मुख्य कचेरी असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना निराळी. आणि बाकीची सर्व भांडी ज्याच्या अखत्यारीत येतात ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय निराळे. बॉयलर म्हणजे काय, याची व्याख्या २००७ च्या दुरुस्तीने स्पष्ट केली: २५ लिटरांहून कमी मावणारे, किंवा एक किलोहून कमी दाबाचे, किंवा शंभर अंशांच्या आत पाणी तापविणारे भांडे बॉयलर नव्हे. व्याख्येला सीमारेषा असावीच लागते, तेव्हा स्वयंपाकघरातील कुकर तिच्या बाहेर राहिला याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. वाफेच्या वाहिनीलाही अशीच सीमा आहे: दाब साडेतीन किलोंहून अधिक, किंवा आतला व्यास २५४ मिलिमीटरांहून अधिक आणि दाब एक किलोहून अधिक. या रेषेच्या पलीकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३१ होते आणि ते सांगत असे की, वातावरणाहून अधिक दाबाने चालणाऱ्या कोणत्याही यंत्रात सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही अशी परिणामकारक तजवीज करावी. कलम उत्तम होते. त्याखाली सक्षम व्यक्तीकडून तपासणीही होत असे. पण बॉयलरच्या दाखल्याची मुदत संपली तर कारखाना बंद पडतो, आणि इव्हॅपोरेटरच्या तपासणीचा कागद उशिरा आला तर फायलीत लागतो. या दोन धाकांमधील अंतर अनुभवी मुख्य अभियंत्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

सर्वांत घातक जागा असते ती जेथे दोन निराळ्या दाबांची राज्ये एकमेकांना भिडतात तेथे. टर्बाइन एकाएकी बंद पडले तर खालच्या भांड्यांना वाफ कमी पडू नये म्हणून मुख्य वाहिनीतली वाफ दाब उतरविणाऱ्या एका व्हॉल्व्हमधून सरळ खाली सोडतात. म्हणजे एका बाजूस ४५ किलो आणि दुसऱ्या बाजूस दीड किलो, मध्ये एकच व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर काय होईल, या एका प्रश्नावर खालच्या बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हचे माप ठरले पाहिजे. वाफेचा तो सर्व लोंढा बाहेर टाकण्याइतके त्याचे तोंड मोठे नसेल तर तो सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर उघडेल, शिटी देईल, आणि तरीही भांडे फुटेल. पुष्कळ कारखाने मुळात दिवसाला १२५० टन गाळपाचे म्हणून उभे राहिले, मग २५०० टनांचे झाले, मग त्यांना आसवनी जोडली, वीजनिर्मिती जोडली, बॉयलर नवा आणि अधिक दाबाचा आला. या विस्तारात खालच्या अंगाचे सेफ्टी व्हॉल्व्ह नव्या लोंढ्याच्या मापाने किती ठिकाणी बदलले गेले, हे ज्याने त्याने आपल्या आवारात जाऊन पाहावे. विस्ताराच्या उद्घाटनाला कोनशिला असते. जुन्या भांड्याच्या फेरहिशेबाला साधा कागदही नसतो.

सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला म्हणजे माणूस वाचला, असेही समजू नये. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडमधील ६१० क्रमांकाची टाकी फुटली नाही. तिच्यात सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होते, दाब मर्यादेपलीकडे गेला तेव्हा नियमाप्रमाणे व्हॉल्व्ह उघडला, टाकी शाबूत राहिली आणि शहर मेले. त्या व्हॉल्व्हच्या पुढे जो वायू धुऊन निघावयाचा होता तो धुतला गेला नाही, आणि जी ज्योत त्याला जाळावयाची होती तिच्याकडे जाणाऱ्या पाइपाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. व्हॉल्व्हने भांड्याचे रक्षण केले. पुढच्या वाटेचा विचार करणे हे त्याचे काम नव्हतेच.

यावर कारखान्यांचे चालक म्हणतील की, ऊस उभा असताना हे सोपस्कार कोणाला सुचतात. ही अडचण खोटी नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात ऊस फडातच उभा राहिला, कारखाने जूनपर्यंत चालवावे लागले, आणि आमच्याच तालुक्यातील एका शेतकऱ्याने आपला फड पेटवून देऊन जीवन संपविले. अशा वेळी ‘पत्र्याची जाडी मोजायची आहे, दोन दिवस गाळप थांबवा’ असे म्हणणाऱ्या अभियंत्याला वेशीवरून आत येऊ देणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु जे यंत्र अधिक महिने राबविले जाते त्याची झीज अधिक होते, आणि ओव्हरहॉलिंगचे महिने तितकेच घटतात, हेही त्याच परिस्थितीचे दुसरे अंग आहे. उसाच्या रसात आम्ल असते, सल्फिटेशनमध्ये गंधकाचा धूर त्यात मिसळतो, आणि हंगाम सरल्यावर धुऊन रिकामे ठेवलेले भांडे पावसाळ्याच्या दमट हवेत आतून गंजत असते. आराखड्यात गंजासाठी म्हणून जे दोन-तीन मिलिमीटर जास्तीचे दिलेले असतात, ते किती उरले आहेत हे बाहेरून रंग पाहून कळत नाही.

आणि मोजणीचे काम तरी केवढेसे असते? तळहातात मावणारे एक श्राव्यातीत जाडीमापक यंत्र असते. भिंतीवरचा रंग रुपयाएवढ्या जागेत खरवडून पत्रा चकचकीत करावा, त्यावर तेलाचा किंवा जेलचा ठिपका ठेवावा, यंत्राची घुंडी टेकवावी, की मिलिमीटरचा आकडा दशांशासह समोर दिसतो. खडूने त्या जागी गोल काढून क्रमांक घालावा, वहीत नोंद करावी, आणि पुढील वर्षी नेमक्या त्याच गोलात पुन्हा मोजावे. एका भांड्याची अशी पंचवीस-तीस ठिकाणे मोजायला दोन माणसांना एक सकाळ पुष्कळ झाली. महत्त्व एका वर्षीच्या आकड्याला नसून दोन वर्षांच्या आकड्यांतील फरकाला आहे, कारण भांडे किती हंगाम पुरेल हे तो फरक सांगतो. एका कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, आम्ही भांड्याची मूळ पाटी पाहावयास मागितली, तेव्हा तीवर दर हंगामाच्या रंगाचे इतके थर बसले होते की, आराखड्याचा दाब किती आणि भांडे कोणत्या साली केले, हे दोन्ही आकडे बोटाने चाचपूनही लागेनात. रंगाऱ्याचा दोष नव्हता. पाटी सोडून रंगवावे असे त्याला कोणीच सांगितलेले नव्हते.

२०२५ साली संसदेने १९२३ चा कायदा रद्द करून नवा बॉयलर कायदा संमत केला आहे. त्यात सात अपराधांपैकी जीवित-वित्ताला धोका उत्पन्न करणाऱ्या चारांना फौजदारी शिक्षा राखली आहे आणि बाकीचे दंडावर सोडले आहेत. शासकीय निरीक्षकाऐवजी बाहेरच्या सक्षम संस्थेकडून तपासणी करून घेण्याची जी मुभा २००७ पासून आहे, तीही पुढे चालू आहे. मुभेला आमचा तात्त्विक विरोध नाही. निरीक्षकांची संख्या आणि कारखान्यांची संख्या यांचा मेळ बसत नाही, हे उघड आहे. परंतु तपासणाऱ्याची बिदागी ज्याची तपासणी करायची त्याच्याच खिशातून जाणार असेल, तर त्या तपासणीचा अहवाल निदान तिसऱ्या डोळ्यापुढे उघडा असला पाहिजे. हा तिसरा डोळा सभासदांचा असावा. सहकारी कारखान्याचा सभासद वार्षिक सभेत साखरेचा उतारा, कर्जाचा आकडा आणि गेस्ट हाउसचा खर्च यांवर तावातावाने बोलतो. इव्हॅपोरेटरच्या दुसऱ्या भांड्याची जाडी किती राहिली, हे विचारण्याचा हक्कही त्याला आहे, आणि तो विचारू लागला तर संचालक मंडळाला उत्तर शोधावेच लागेल. अहवालाच्या शेवटी एक तक्ता पुरे: भांड्याचे नाव, निर्मितीचे साल, आराखड्याचा दाब आणि उष्णतामान, मूळ जाडी, आजची जाडी, सेफ्टी व्हॉल्व्ह किती किलोंवर उघडतो आणि तो शेवटचा कधी तपासला. शून्य दाबाच्या टाक्यांची नावेही त्याच तक्त्यात यावीत, आणि त्यांच्यापुढे दाबाऐवजी हवेच्या वाटेचे माप लिहावे.

राज्य शासनाने करावयाची गोष्ट यापेक्षा थोडी कठीण आहे. अग्निप्रदीपनाआधी बॉयलरचा दाखला लागतो, त्याच दाखल्याला खालच्या अंगाच्या सर्व दाबभांड्यांच्या तपासणीचा कागद जोडल्यावाचून तो ग्राह्य धरू नये, एवढा एक हुकूम दोन संचालनालयांनी मिळून काढला तरी हद्दीचा प्रश्न पुष्कळसा सुटेल. आणि बॉयलर अटेंडंटला जशी परीक्षा आहे, तशी एखादी सोपी, मराठीतून, तोंडी का होईना, परीक्षा इव्हॅपोरेटर आणि ज्यूस हीटरवर उभ्या राहणाऱ्या हंगामी कामगारासाठीही असावी. हा कामगार पुष्कळदा आमच्याच बाजूचा असतो. बीड जिल्ह्यातील माणूस ऊस तोडायला जसा राज्यभर जातो, तसा तो त्या कारखान्यांच्या पाळ्यांवरही राबतो, आणि काटा लाल रेषेपलीकडे गेल्यावर वाफ तोडण्याचा अधिकार आपल्याला आहे की साहेबाला विचारावे लागेल, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो अधिकार पाळीवरच्या माणसाला लेखी दिला पाहिजे, नोंदवहीच्या पहिल्या पानावर, सरव्यवस्थापकाच्या सहीनिशी. आणि त्याने तो वापरल्यामुळे गाळप चार तास बंद राहिले, तर त्या चार तासांचा जाब त्याला विचारला जाणार नाही, हेही तेथेच नमूद केले पाहिजे.